डॉक्टर, हे आजच करायला हवं का?

प्राण्यांचा डॉक्टर चांगला आहे की नाही हे ओळखायची माझी एक परीक्षा आहे आणि ती ऐकून बरेच प्राणीप्रेमी नाक मुरडतात. त्याला खर्चाबद्दल सरळ विचारायचं. "डॉक्टर, अंदाजे किती होतील, आणि यातलं आजच करायला हवं असं काय आहे?" बस. या प्रश्नावर जो चिडत नाही, ओशाळत नाही, "तुम्हीच ठरवा" म्हणून हात झटकत नाही, आणि शांतपणे पेन काढून लिहायला लागतो, तो आपला डॉक्टर. बाकी चकचकीत वेटिंग रूम, भिंतीवरचे कुत्र्यांचे गोडगोड फोटो, बिस्किटांची बरणी वगैरे सगळं ठीक आहे, असावं, पण त्यावरून मी काही ठरवत नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न विचारायला आपल्यालाच जास्त लाज वाटते. माणसांच्या दवाखान्यातसुद्धा आपण खर्च विचारताना आवाज खाली आणतो, पण तिथे निदान घरचं कोणीतरी सोबत असतं, पॉलिसी असते, ऑफिसचं काहीतरी असतं. प्राण्याच्या बाबतीत खिसा आपला आणि निर्णयही आपलाच, आणि टेबलावर बसलेला जीव आपल्याकडेच बघत असतो. त्यात मागून कोणीतरी म्हणणारच, "मुलासारखं सांभाळता ना, मग पैशाकडे काय बघायचं?" हौसेला मोल नसतं हे खरं, पण बिलाला असतं ना! आणि मुलासारखं सांभाळणारेच महिन्याचा हिशोब लावत असतात, बिनहिशोबी लोक सहसा कोणालाच नीट सांभाळत नाहीत.

खरं तर हे शास्त्र जन्मालाच आलं ते हिशोबातून. फ्रान्समध्ये ल्याँ शहरात क्लोद बूर्जला या माणसाने १७६१ साली पशुवैद्यकाची पहिली शाळा काढायची परवानगी मिळवली, ती काही मांजरांच्या प्रेमापोटी नाही. गुरांच्या साथी पसरत होत्या, घोडे मरत होते, शेती आणि सैन्य दोन्ही अडत होतं. तेव्हाचं गणित साधं होतं, जनावराची किंमत अमुक, उपचाराचा खर्च त्यापेक्षा जास्त झाला की उपचार थांबवायचे. आपल्या घरच्या प्राण्यांनी हे गणितच मोडलं. रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजराची बाजारातली किंमत शून्य, आणि त्याच्यासाठी आपण किती खर्च करू याला वरची मर्यादा नाही. म्हणजे मर्यादा आहेच, प्रत्येकाची आहे, फक्त ती कुठे आहे हे जनावराच्या किमतीवरून कळत नाही. ते आपल्याला स्वतःला ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा रात्री उशिरा, रडत रडत ठरवावं लागतं.

आमच्या पिंट्याचं उदाहरण सांगते. पिंट्या म्हणजे आमचा बोका, जाडजूड, आळशी, पाणी कमी पिणारा. एके दिवशी तो सारखा त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला, बसायचा, जोर करायचा, उठायचा, परत पाच मिनिटांत तेच. वाळू बघितली तर कोरडी. घरात आधी सगळ्यांना वाटलं पोट साफ होत नसेल, आणि हे अनेकांना वाटतं म्हणून मुद्दाम लिहितेय: बोका ट्रेमध्ये जोर करतोय आणि लघवीचा थेंब येत नाहीये तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबायचं नाही. बोक्यांचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढत जातं, आणि त्या पोटॅशियमनेच हृदय बंद पडू शकतं. दोन-तीन दिवसांतच खेळ खल्लास होऊ शकतो.

डॉक्टरांनी पिंट्याच्या पोटाखाली हात घातला, लघवीची पिशवी हाताला टणक लागत होती, जराशी दाबली तर पिंट्या असा ओरडला की बाहेर बसलेला एक कुत्रा भुंकायला लागला. मग त्यांनी मला जे दाखवलं ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला, मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं भूल, कॅथेटर (अडकलेली लघवी मोकळी करायची नळी), सलाईन, पोटॅशियम आणि किडनीची रक्ततपासणी, दुखणं कमी करायचं इंजेक्शन. उजवीकडे लिहिलं सोनोग्राफी, युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का ते बघायचं), एक्सरे. म्हणाले, "डावीकडच्यात तडजोड नाही. उजवीकडचं चांगलं आहे, जमलं तर करू, पण आज तुमच्या हातात जेवढे पैसे आहेत ते आधी डावीकडे जाऊ देत. परत अडकला तर मात्र एक्सरे लागेलच, खडा आहे का बघायला." आणि खाली दोन आकडे लिहिले, सगळं सुरळीत झालं तर हा, कॅथेटर काढल्यावर परत अडकला तर हा. "मोठ्या आकड्याकडे जायची वेळ आली तर त्याच्या आधी फोन करीन, विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही."

बिल कमी झालं असं नाही, चांगलंच झालं. पण मला एकदाही फसल्यासारखं वाटलं नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधीच घाबरलेली असताना काय महत्त्वाचं आहे हे शोधायचं काम माझ्यावर पडलं नाही. ते त्यांनी केलं.

यालाच हल्ली पशुवैद्यकात 'स्पेक्ट्रम ऑफ केअर' म्हणतात. म्हणजे एकाच आजारावर सगळ्यात भारी उपचार आणि काहीच नाही या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात, त्या मालकासमोर मोकळेपणाने मांडायच्या. आणि मधली पायरी म्हणजे फसवणूक किंवा दुय्यम काम नव्हे. पार्व्होचंच बघा. कुत्र्याच्या पिल्लांना होणारा हा भयंकर आजार, उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि ठरलेला उपचार म्हणजे अनेक दिवस ॲडमिट करून शिरेतून सलाईन. कितीतरी लोकांना तो परवडत नाही आणि पिल्लू एकतर घरी मरतं किंवा इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं जातं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०१७ साली छापून आला. ४० कुत्री घेतली, सगळ्यांना आधी शिरेतून सलाईन देऊन सावरलं, मग २० जणांना नेहमीसारखं पूर्ण ॲडमिट करून उपचार आणि २० जणांना घरी नेऊन करता येईल असा साधा उपचार, म्हणजे कातडीखाली सलाईन, बराच काळ टिकणारं एक अँटिबायोटिक इंजेक्शन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि बारीक लक्ष. पहिल्या गटातली ९० टक्के वाचली, दुसऱ्यातली ८० टक्के. ९० हे ८० पेक्षा जास्त आहेत हे मलाही कळतं, आणि पैसे असतील तर ॲडमिटच करावं. पण ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी तुलना ९० आणि ८० ची नसते, ८० आणि जवळपास शून्याची असते. हे जो डॉक्टर स्वतःहून सांगतो त्याच्याकडे मी डोळे झाकून जाईन.

आता असा डॉक्टर शोधायचा कसा? प्राणी आजारी पडल्यावर शोधायचा नाही, एवढं तर नक्की, ते तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे. प्राणी धडधाकट असताना, वजन करायच्या निमित्ताने, नखं कापायच्या निमित्ताने जायचं आणि बघत बसायचं. डॉक्टर मांजराला मानगुट धरून पिंजऱ्यातून ओढून काढतात की पिंजऱ्याचं वरचं झाकण उघडून आतच तपासतात? कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघतात का, हिरडीवर बोट दाबून सोडतात का (पांढरा झालेला ठिपका दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा, रक्ताभिसरण ठीक आहे का याची ती फुकटातली तपासणी), बरगड्यांवरून हात फिरवतात का, की प्राण्याला हात न लावताच औषध लिहायला घेतात? माझ्या मते ज्या डॉक्टरचा हात प्राण्यावर जास्त वेळ असतो त्याच्याकडे तपासण्यांचं बिल कमी येतं, कारण काय शोधायचंय हे त्याला साधारण माहीत असतं. याला माझ्याकडे पुरावा नाही, माझं मत आहे.

आणि प्रश्न विचारायचे. तुम्ही रात्री असता का, नसलात तर रात्री कोणाकडे जायचं? ॲडमिट केलेल्या प्राण्याजवळ रात्री माणूस असतो की शटर ओढून सगळे घरी जातात? ऑपरेशनच्या वेळी भूल कोण सांभाळतं, म्हणजे कापणारा डॉक्टर सोडून दुसरं कोणी श्वास आणि ठोके बघत असतं का? भुलीआधी रक्त तपासता का? रिपोर्टची कॉपी मिळते का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो पण नाही. एकदा आम्हाला दुसरं मत घ्यायचं होतं तर आधीच्या ठिकाणी रिपोर्ट द्यायला एवढी खळखळ केली की शेवटी सगळ्या तपासण्या परत कराव्या लागल्या, म्हणजे तेच रक्त, तेच एक्सरे, आणि पैसे दुसऱ्यांदा. तेव्हापासून प्रत्येक व्हिजिटनंतर सगळे रिपोर्ट फोनमध्ये एका फोल्डरला टाकते. चांगला डॉक्टर दुसरं मत घेतलं म्हणून रुसत नाही हेही जाता जाता सांगते.

खर्च वाचवायचा म्हणजे लोकांना वाटतं स्वस्त डॉक्टर शोधायचा. मला वाटतं खरे पैसे वाचतात ते कंटाळवाण्या गोष्टींत, ज्यांचं कोणाला कौतुक नसतं. लसीचंच घ्या. पार्व्हो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हा कुत्री पटापट मेली, आज त्याच आजाराची लस सहज मिळते आणि तरी लोक पिल्लाचा शेवटचा डोस चुकवतात. पिल्लाला परत परत लस का देतात, तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निकामी करते आणि ती नक्की कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत किंवा त्याच्या पुढेपर्यंत देत राहायचं. पण याची दुसरी बाजूही आहे. पिल्लूपणीचा कोर्स आणि त्यानंतरचा बूस्टर झाला की डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा विषाणूचा आजार), पार्व्हो वगैरे मुख्य लसी तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा द्यायची गरज नाही असं 'वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन'च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लेप्टोची (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) मात्र दरवर्षी लागते, रेबीजचं आपण राहतो तिथल्या कायद्याप्रमाणे. म्हणजे "यातली कुठली लस दरवर्षीची आणि कुठली नाही?" हे विचारायचं. लस टाळायला नाही, नीट द्यायला.

दुसरी कंटाळवाणी गोष्ट वजन. आमची ढमी (कुत्री, नाव उगाच नाही पडलं) हिच्यावरून घरात कायम वाद. माझा नवरा म्हणतो तिची हाडंच जाड आहेत. लॅब्राडॉर जातीच्या ४८ पिल्लांवर केलेला एक प्रसिद्ध अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणारी सडपातळ कुत्री साधारण १३ वर्षं जगली, दुसरी साधारण ११.२, आणि सांधेदुखीही सडपातळांना उशिरा सुरू झाली. यासाठी वेगळा खर्च शून्य, उलट खाण्याचं बिल कमी. हे सांगितलं तरी आमच्याकडे टेबलाखालून तुकडा जातोच. डॉक्टर नऊपैकी मार्क देतात शरीराच्या ठेवणीला, चार-पाच उत्तम, ढमी सातवर होती, आता सहावर आणलीये, आणि यात माझ्याइतकाच वाटा डॉक्टरांच्या टोमण्यांचा आहे.

नसबंदीचंही तेच. ठरवून, तब्येत चांगली असताना केलेलं ऑपरेशन आणि पायोमेट्रा झाल्यावर मध्यरात्री केलेलं ऑपरेशन, अवयव तोच काढतात पण बिलात आणि धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक. पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं, माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी, जास्त करून वय झालेल्या माद्यांमध्ये. कुत्री अचानक खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर वाट बघायची नाही.

आणि आता एक गोष्ट जिथे काटकसर अंगाशी येते. कुत्र्याचं गोचिडाचं औषध उरलंय म्हणून मांजराच्या मानेवर टाकायचं नाही. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं, मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, थरथर सुटते, फिट्स येतात, जीवही जातो. पॅरासिटामॉलचंही तसंच, माणसाच्या तापाची एक गोळी मांजराला मारायला पुरते. कुत्र्याला आयब्युप्रोफेन, तेही नको. लिली नावाचं फूल घरात असेल आणि मांजर असेल तर दोघांतलं एक बाहेर, कारण त्याचे परागसुद्धा चाटले तरी मांजराची किडनी जाते. आपल्या घरातल्या औषधाच्या डब्यातून जेवढे पैसे वाचतात त्याच्या कितीतरी पट पुढे दवाखान्यात मोजावे लागतात, आणि तेही प्राणी वाचला तर. फुकटात करायचंच असेल तर हे करा: म्हातारा किंवा हृदयाचा त्रास असलेला प्राणी गाढ झोपलेला असताना त्याचे एका मिनिटातले श्वास मोजा. तीसच्या वर सारखे जायला लागले तर डॉक्टरांना फोन. याला मशीन लागत नाही, घड्याळ लागतं.

विम्याबद्दल लोक हटकून विचारतात. प्राण्यांचा विमा ही काही आजची टूम नाही, स्वीडनमध्ये १९२४ सालीच कुत्र्याचा विमा उतरवला गेला होता. विमा घ्यावा की नाही याचं एक उत्तर नाही, पण घ्यायचाच तर प्राणी लहान आणि ठणठणीत असताना, कारण आधीपासून असलेल्या आजाराचे पैसे जवळपास कुठलीच कंपनी देत नाही, आणि कागदावर एकदा "कानाला खाज" लिहिलं गेलं की पुढचे सगळे कान त्यात मोजले जाऊ शकतात. वेटिंग पिरियड (विमा घेतल्यावर तो लागू व्हायला लागणारा वेळ) किती, एका आजाराला वर्षाची मर्यादा किती, दात आणि जन्मजात दोष धरतात का, हप्ता वयाबरोबर कसा वाढतो, एवढं वाचायचं, बारीक अक्षरात असलं तरी वाचायचं. आम्ही ढमीचा घेतलाय, पिंट्याचा नाही. पिंट्याची लघवी आधीच कागदावर आली होती, त्यामुळे त्याच्या नावाचं वेगळं खातं आहे आणि दर महिन्याला त्यात थोडे जातात. त्या खात्यातून सुट्टीचं तिकीट काढायचं नाही हा घरातला नियम, आणि तो मोडायचा प्रयत्न सगळ्यांनी करून झालाय.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. छोट्या दवाखान्यातसुद्धा एक्सरे, भुलीचं मशीन, लॅब, औषधांचा साठा, माणसांचे पगार हे सगळं असतं आणि माणसांच्या आरोग्यासारखा सरकारी पैसा त्यामागे सहसा नसतो. "प्राण्यांवर प्रेम असेल तर फुकट करा" असं तोंडावर म्हणणारे लोक मी स्वतः काउंटरपाशी बघितलेत. त्या माणसाने शिकायला वर्षं घातली, दिवसभर चावे आणि ओरखडे सोसले, आणि वर हे ऐकायचं. खर्च विचारणं आणि घासाघीस करणं यात फरक आहे. "माझ्याकडे आज एवढे आहेत, यात सगळ्यात उपयोगाचं काय करता येईल?" असं आधीच सांगितलं की डॉक्टरलाही मार्ग काढता येतो. उपचार झाल्यावर बिलावर भांडलं की कोणालाच काही काढता येत नाही.

सगळ्यात अवघड संभाषण मात्र शेवटचं असतं, कधी थांबायचं ते. त्यातही पैसा येतो आणि तो येतो हे बोलायला कोणी तयार नसतं. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी प्राण्याच्या जगण्याचा दर्जा तपासायची एक पट्टी बनवली, दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या प्रत्येकाला मार्क द्यायचे. मला तिचा उपयोग असा वाटतो की ती आधी प्राण्याबद्दल बोलायला लावते आणि पैशाबद्दल नंतर, आणि तो क्रम बरोबर आहे.

ढमीवर ती वेळ अजून आलेली नाही, पण ती आता म्हातारी झालीये आणि किडनीचे आकडे जरा वर सरकलेत, किडनीच्या आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी. गेल्या वेळी डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी करायचं म्हणून तपासण्यांची लांबलचक यादी दिली. मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी यादी परत घेतली, यकृताच्या तपासण्यांवर काट मारली, "हे वर्षातून एकदा पुरे," आणि युरिनमधलं प्रोटीन व ब्लड प्रेशर याखाली दोन रेघा ओढल्या, "हे दोन सोडायचे नाहीत, किडनीचं पुढे कसं चाललंय ते यातून कळतं." प्रेशर घेताना तिने पंजा तीनदा काढून घेतला, मग नवऱ्याने खाली बसून तिचं डोकं मांडीवर धरलं आणि कसंबसं झालं. पुढची तारीख मिळालीये, आणि डाएटचं जे वेगळं खाणं सांगितलंय त्याला तिने आजपर्यंत तोंड लावलेलं नाही, त्याचं काय करायचं ते तेव्हा विचारणार आहे.